अंगठी समुद्रात का टाकली नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही आणि चित्रपटही पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी कथेचा गाभा आधी थोडक्यात सांगतो. सॉरॉन नावाच्या दुष्ट अधिपतीने मॉर्डॉर या आपल्या प्रदेशातील ज्वालामुखीच्या आगीत एक अंगठी घडवली आणि जादूच्या इतर सर्व अंगठ्यांवर हुकमत चालावी म्हणून स्वतःच्या शक्तीचा मोठा अंश तिच्यात ओतला. युद्धात ती त्याच्या हातून गेली, हजारो वर्षे बेपत्ता राहिली आणि शेवटी शायर नावाच्या आडबाजूच्या मुलखात राहणाऱ्या बिल्बो या ठेंगण्या ‘हॉबिट’च्या हाती लागली. त्याच्याकडून ती त्याचा वारस फ्रोडो याच्याकडे आली. ती सॉरॉनला परत मिळाली तर सारे जग त्याच्या टाचेखाली जाणार आणि दुसऱ्या कोणा सामर्थ्यवानाने ती वापरली तर तोच दुसरा सॉरॉन होणार. म्हणून ती जिथे घडली त्याच आगीत नेऊन टाकायची, अशी ही मोहीम आहे. काहीतरी मिळवण्यासाठी घराबाहेर पडणारे नायक आपण कथांमधून पुष्कळ पाहिले आहेत. हा नायक मात्र हाती आलेले टाकून देण्यासाठी निघतो, आणि खालच्या बहुतेक शंका त्यातूनच उपजलेल्या आहेत.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या सोन्याचे काम चालते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. मुशीत घालून टाकणखाराची चिमूट टाकली आणि ज्योत धरली की अंगठीएवढा डाग पाहता पाहता पाणी होतो. मग त्यासाठी ज्वालामुखीपर्यंत पायपीट कशाला? आणि आगीने जमत नव्हते, तर अंगठी खोल समुद्रात का टाकली नाही? — एक सराफ, जळगाव

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेची दखल खुद्द कादंबरीने घेतली आहे. दुसऱ्याच प्रकरणात गँडाल्फ हा जादूगार फ्रोडोकडून अंगठी मागून घेतो आणि ती त्याच्या घरातल्या शेकोटीत टाकतो. फ्रोडो ओरडतो, चिमट्याकडे हात नेतो. गँडाल्फ त्याला अडवतो, खिडक्या लावून पडदे ओढून घेतो आणि काही वेळाने अंगठी चिमट्याने काढून फ्रोडोच्या तळहातावर ठेवतो. ती गार असते. उलट तिच्या आतबाहेर आगीच्या बारीक रेघांनी कोरल्यासारखी अक्षरे उमटलेली दिसतात. त्यानंतर गँडाल्फ जे सांगतो, ते आपल्यासारख्या जाणकाराला पटेल. घरगुती शेकोटीत साधे सोनेही वितळत नाही हे तो आधी मान्य करतो. मग म्हणतो की लोहाराची भट्टी सोडाच, खाणींमध्ये राहणाऱ्या बुटक्यांचे भातेही या अंगठीचे काही बिघडवू शकणार नाहीत आणि इतर अंगठ्या भस्म करणाऱ्या प्राचीन ड्रॅगनच्या ज्वालेपुढेही ही टिकली असती.

आता तापमानाचेच बोलायचे, तर बेसाल्टचा लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंशांचा असतो, म्हणजे आपल्या पेढीतल्या भट्टीपेक्षा तो फार वरचा नाही. यावरून हे स्पष्ट होते की टॉल्किन यांच्या मनात उष्णतेचा हिशेब नव्हताच. ज्या आगीत सॉरॉनने आपली शक्ती धातूत मिसळली, त्याच आगीत ती मोकळी होऊ शकते, असा या कथेचा नियम आहे. पहिल्या चित्रपटात अंगठीचे काय करायचे हे ठरवण्यासाठी सभा भरते, तेव्हा गिम्ली हा बुटका सभेतच अंगठीवर कुऱ्हाड घालतो आणि कुऱ्हाडीच्याच ठिकऱ्या उडतात. तो प्रसंग पुस्तकात नाही. पण नियम पडद्यावर चटकन समजावा म्हणून घातलेली ती भर मला गैर वाटत नाही.

समुद्राची सूचनाही रिव्हेन्डेल येथे भरलेल्या याच सभेत मांडली जाते. गँडाल्फ ती फेटाळतो. खोल पाण्यातही जीव असतात, काळाच्या ओघात समुद्राची जमीन आणि जमिनीचा समुद्र होतो, आणि आपल्याला तात्पुरती नव्हे, कायमची सोडवणूक हवी आहे, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्या म्हणण्याला आधारही आहे, कारण पाण्यात टाकण्याचा प्रयोग एकदा नकळत होऊन गेलेला असतो. सॉरॉनच्या हातून अंगठी कापून घेणारा राजा इसिल्डुर नदी पोहून जाताना ती त्याच्या बोटातून निसटते आणि तो बाणांना बळी पडतो. पुढे सुमारे अडीच हजार वर्षे अंगठी त्या नदीच्या तळाशी पडून राहते. मग एके दिवशी डीगॉल नावाच्या एका नावाड्याच्या गळाला मोठा मासा लागतो, तो मासा त्याला पाण्यात ओढून नेतो, आणि तळाशी काही चमकताना पाहून डीगॉल मूठभर चिखलासह अंगठी वर आणतो. काठावर उभा असलेला त्याचा मित्र स्मीगॉल ती वाढदिवसाची भेट म्हणून मागतो, आणि नकार मिळताच त्याचा गळा दाबतो. हा स्मीगॉल म्हणजेच पुढचा गॉलम. त्याच्याकडून हरवलेली अंगठीच पुढे बिल्बोला सापडते.

आपल्या वाचकांना येथे मौसलपर्वाची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. सांबाला गर्भवती स्त्रीचा वेश देऊन ऋषींची थट्टा केल्यामुळे यादवांना शाप मिळाला, सांबाच्या पोटून लोखंडी मुसळ निघाले, आणि राजाने त्याचे चूर्ण करवून ते समुद्रात फेकायला लावले. भागवतातील कथेनुसार लाटांनी ते चूर्ण किनाऱ्याला लावले, त्याचे लव्हाळे उगवले आणि प्रभासक्षेत्री यादवांनी त्याच लव्हाळ्यांनी एकमेकांचा संहार केला; उरलेला लोखंडाचा तुकडा माशाने गिळला, कोळ्याच्या जाळ्यात तो मासा सापडला आणि जरा नावाच्या व्याधाने त्या तुकड्याचे बाणाचे टोक केले. तोच बाण श्रीकृष्णाच्या पायाला लागला. दोन्ही कथांत मासा यावा हा निव्वळ योगायोग मानावा, कारण टॉल्किन यांचा पिंड उत्तर युरोपातील पुराकथांवर पोसलेला होता. पण पाण्याने वस्तू दडते, नष्ट होत नाही, हे दोन्हीकडे सारख्याच पद्धतीने घडते. यादवांनी मुसळ दृष्टीआड केले, गँडाल्फने तो मार्ग नाकारला, एवढा फरक मात्र महत्त्वाचा आहे.

प्रश्न : शेवटी महाकाय गरुड येऊन फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांना ज्वालामुखीच्या उतारावरून उचलून नेतात. मग सुरुवातीलाच गरुडावर बसून जाता आले नसते का? आमच्या वसतिगृहात यावरून दोन तट पडले आहेत. — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोन तट जगभर आहेत, त्यामुळे वसतिगृहाने वाईट वाटून घेऊ नये. मोहिमेची सारी मदार गुप्ततेवर होती. मॉर्डॉरच्या आकाशात भर दिवसा गरुडांचा थवा शिरला असता, तर सॉरॉनची नजर पहिल्याच क्षणी तिकडे वळली असती आणि त्याचे पंखधारी स्वार आडवे आले असते. शेवटी गरुड येतात, तेव्हा अंगठी नष्ट झालेली असते, सॉरॉन कोसळलेला असतो आणि आकाश मोकळे असते. दुसरे असे की विष्णूच्या वाहनाची सवय असल्यामुळे आपण गरुडाकडे वाहन म्हणून पाहतो. या कथेतले गरुड मात्र स्वतंत्र बाण्याचे आहेत. गँडाल्फला मनोऱ्यावरून सोडवणारा ग्वायहिर त्याला स्पष्ट बजावतो की तो पुष्कळ अंतर नेईल, पण पृथ्वीच्या टोकापर्यंत नेणार नाही, कारण त्याला निरोप पोहोचवण्यासाठी धाडले आहे, ओझी वाहण्यासाठी नव्हे. १९५८ साली एका नियोजित चित्रपटाच्या आराखड्यावर अभिप्राय देताना टॉल्किन यांनीही बजावले होते की गरुड हे धोकादायक साधन असून आपण ते अगदी काटकसरीने वापरले आहे.

तरीही आपल्यातील विरोधी तटाच्या पदरात एक गुण टाकायला हवा. सभेत समुद्राचा, अंगठी लपवण्याचा, ती शस्त्र म्हणून वापरण्याचा, असे सारे पर्याय सविस्तर चर्चिले जातात. गरुडांचा उल्लेख मात्र पर्याय म्हणून कोणीच करत नाही. दोन ओळींत हा वाद मिटला असता. एवढ्या चोखंदळ लेखकाच्या हातून ही फट राहिली हे मान्य करावे लागते.

प्रश्न : मी आधी चित्रपट पाहिले आणि आता पुस्तक वाचले. चित्रपटात फ्रोडो गॉलमशी झटापट करतो आणि त्या झटापटीत गॉलम खाली पडतो. पुस्तकात तर फ्रोडो काहीच करत नाही. जो अखेरच्या क्षणी अंगठी स्वतःकडेच ठेवायचे ठरवतो, त्याला नायक कसे म्हणायचे? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपण अचूक जागी बोट ठेवले आहे. पुस्तकातला प्रसंग असा आहे की आगीच्या दरीच्या काठावर उभा राहून फ्रोडो स्वच्छ आवाजात सांगतो की ज्या कामासाठी तो आला ते करण्याची त्याची आता इच्छा नाही, अंगठी त्याची आहे. आणि ती बोटात घालून तो अदृश्य होतो. गॉलम त्याच्यावर झेप घेतो, दिसत नसलेल्या फ्रोडोशी काठावरच झुंजतो आणि अंगठीसकट त्याचे बोट दातांनी तोडतो. मग हर्षाने नाचू लागतो. हातातल्या अंगठीकडे पाहत असताना त्याचे पाऊल काठाबाहेर पडते आणि तो अंगठीसह आगीत कोसळतो. त्याला कोणीही ढकलत नाही. चित्रपटाने येथे झटापट घातली, ती नायकाने शेवटी काहीतरी करावे या अपेक्षेपोटी असावी. माझ्या मते त्या बदलामुळे कथेचा कणाच सरकला.

फ्रोडो हरतो, हे टॉल्किन यांनी कधीच लपवले नाही. त्यांच्या पत्रांचा संग्रह १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या एका प्रसंगाविषयी वाचकांना लिहिलेली अनेक उत्तरे आहेत. फ्रोडोचा सन्मान करण्याऐवजी त्याला फितूर म्हणून देहदंड द्यायला हवा होता, असे एका संतापलेल्या वाचकाने लिहिल्याचेही ते एका पत्रात नमूद करतात. त्यांचा खुलासा असा की दीर्घ यातना, भूक आणि थकवा यांनी जर्जर झालेल्या कोणाही जीवाला त्या ठिकाणी, अंगठीचे बळ पराकोटीला पोहोचलेले असताना, ती टाकून देणे शक्यच नव्हते. म्हणून फ्रोडोचे अपयश हे नैतिक अपयश नाही. आपल्या अंगातले होते नव्हते तेवढे बळ त्याने खर्ची घातले आणि अंगठी तिथवर आणून पोहोचवली.

हा खुलासा पुस्तक लिहून झाल्यावर केलेली सारवासारव आहे असे कोणाला वाटेल, म्हणून पुन्हा दुसऱ्या प्रकरणाकडे जाऊ. अंगठी नष्ट करायची असेल तर ती आत्ताच फेकून पाहा, असे गँडाल्फ फ्रोडोला सुचवतो. फ्रोडो ती खिशातून काढतो, फेकण्याचा निश्चय करतो, तिच्याकडे पाहतो; तिचे सोने किती शुद्ध, तिचा गोल किती रेखीव, असे त्याच्या मनात येते. मग सारी इच्छाशक्ती एकवटून तो फेकल्यासारखा हात हलवतो, आणि अंगठी आपण पुन्हा खिशात घातली आहे हे त्याच्या ध्यानात येते. स्वतःच्या घरात, उबदार शेकोटीसमोर, पोटभर न्याहारी झालेली असताना ज्याला हे जमले नाही, त्याला त्या डोंगरावर ते जमेल, असे लेखकाने आपल्याला कधी सांगितलेच नव्हते. त्याच्या आधी बिल्बोची तीच गत झालेली आपण पाहतो. अंगठी मागे ठेवून निघताना तो गँडाल्फवर तलवार उपसण्याच्या बेतात येतो. शेवटी ती पाकिटात घालून ठेवू लागतो, तोच त्याचा हात झटका देऊन मागे येतो आणि पाकीट जमिनीवर पडते. ते उचलण्याची संधी गँडाल्फ त्याला देत नाही.

मग अंगठी नष्ट झाली कशी, याचे उत्तर दोन धाग्यांत आहे. पहिला धागा दयेचा. अनेक वर्षांपूर्वी बिल्बोला गॉलमला मारण्याची संधी होती. त्याला कीव आली आणि त्याने हात आवरला. फ्रोडो सुरुवातीला यावर नाराज असतो, पण पुढे गॉलम समोर आल्यावर तोही त्याला जीवदान देतो. आणि डोंगराच्या उतारावर, ज्याने गॉलमला कधी प्रेमाने वागवले नाही तो सॅमसुद्धा, स्वतः काही काळ अंगठी वाहिलेली असल्यामुळे त्याचे दुःख ओळखतो आणि त्याला सोडून देतो. तिघांपैकी एकाने जरी तलवार चालवली असती, तरी त्या काठावर अंगठी फ्रोडोच्या बोटातच राहिली असती. दुसरा धागा शपथेचा आहे आणि तो बऱ्याच वाचकांच्या नजरेतून निसटतो. गॉलमने अंगठीची शपथ घेऊन इमान राखण्याचे वचन दिलेले असते. ही शपथ तुझाच घात करील, अशी फ्रोडो त्याला तेव्हाच समज देतो. डोंगरावर गॉलम झडप घालतो तेव्हा फ्रोडो छातीवरची अंगठी मुठीत धरून सुनावतो की पुन्हा मला हात लावशील तर तूच या आगीत पडशील. काही पानांनंतर अक्षरशः तसेच घडते. म्हणजे अंगठीच्या बळानेच अंगठीचा घात होतो. भस्मासुराची कथा लहानपणी ऐकलेल्यांना हा न्याय अनोळखी वाटू नये.

तेव्हा नायक कोण, हे आपणच ठरवावे. सर्व संपल्यावर फ्रोडो सॅमला सांगतो की गॉलम नसता तर हे काम आपल्या हातून झाले नसते, म्हणून त्याला क्षमा करू या. एवढे प्रांजळपणे म्हणणारा नायक मला शत्रूचे मुंडके उडवणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो.

प्रश्न : ज्या एकमेव ठिकाणी अंगठी नष्ट होऊ शकते, तिथे सॉरॉन साधा पहाराही ठेवत नाही. एवढा धूर्त शत्रू इतका गाफील कसा? — एक निवृत्त पोलीस अधिकारी, सोलापूर

उत्तर : त्याला धोका कुठून आहे हे कळलेच नव्हते, म्हणून. सॉरॉन इतरांना स्वतःच्या मापाने मोजतो. अंगठी ज्याच्या हाती पडेल तो ती वापरून राज्य मिळवू पाहील, हे त्याला पक्के ठाऊक आहे. कोणी तिचा नाश करू इच्छील आणि त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवू इच्छिणार नाही, ही शक्यता त्याच्या डोक्यात येत नाही. गँडाल्फची सारी रणनीती या एका आंधळ्या जागेवर उभी आहे. सिंहासनाचा वारस अरागॉर्न जादूच्या दर्शनगोलकातून मुद्दाम सॉरॉनला दर्शन देतो, तेव्हा अंगठी त्याच्याच हाती आहे असा सॉरॉनचा ग्रह होतो. मग सुमारे ७००० सैनिकांची फौज घेऊन अरागॉर्न मॉर्डॉरच्या दारावर चालून जातो. जिंकण्याची आशा त्यांच्यापैकी कोणालाच नसते. ती फौज म्हणजे गळाला लावलेले आमिष आहे. सॉरॉन आपले सैन्य तिकडे काढतो, त्यामुळे आतला माळ मोकळा होतो आणि दोन हॉबिट तो रांगत पार करतात. फ्रोडो अंगठी घालतो त्या क्षणी सॉरॉनला सारा डाव उमगतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या खात्यातील अनुभवही बहुधा हेच सांगत असेल की संशयिताचा हेतू चुकीचा ठरवला की पुढचा सारा बंदोबस्त भलत्याच ठिकाणी लागतो.

प्रश्न : ही अंगठी म्हणजे अणुबाँब, असे आम्हाला एका व्याख्यानात सांगण्यात आले. दुसरीकडे असे वाचले की कल्पना एका जर्मन संगीतिकेवरून उचललेली आहे. खरे काय? — एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : तारखा पाहिल्या तर अणुबाँबचा तर्क टिकत नाही. बिल्बोला अंगठी सापडते ती ‘द हॉबिट’ या १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालकादंबरीत, आणि तेव्हा ती केवळ अदृश्य करणारी गमतीची अंगठी होती. मूळ आवृत्तीत तर गॉलम कोड्यांच्या पैजेत ती बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो आणि ती सापडत नाही म्हणून माफीही मागतो! पुढच्या कथेला हा दिलदार गॉलम जुळेना, म्हणून टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले व ते १९५१ च्या आवृत्तीत आले; जुनी हकीकत म्हणजे अंगठीच्या प्रभावाखाली बिल्बोने मारलेली थाप होती, अशी त्यांनी मोठ्या कथेत सांगड घातली. आपल्याच पुस्तकातल्या विसंगतीचा एवढा चतुर उपयोग मी अन्यत्र पाहिलेला नाही. नव्या कादंबरीचे लेखन १९३७ च्या अखेरीस सुरू झाले. अंगठीचे खरे स्वरूप सांगणारे प्रकरण कथेच्या सर्वांत जुन्या भागांपैकी असून ते दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचे आहे, असे टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. कादंबरीचे तीन खंड १९५४ आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा हिरोशिमा ताजे होते, म्हणून वाचकांना ते त्यात दिसले.

त्याच प्रस्तावनेत ते आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतात. ही कथा प्रत्यक्ष महायुद्धावर बेतलेली असती, तर मित्रपक्षाने अंगठी खात्रीने हस्तगत करून सॉरॉनविरुद्ध वापरली असती आणि त्याचा गड उद्ध्वस्त करण्याऐवजी ताब्यात घेतला असता. विजेत्यांच्या बाजूच्या माणसाने विजयानंतर असे लिहावे, याला धैर्य लागते.

टॉल्किन यांनी युद्ध पाहिले होते, पण ते पहिले. १९१६ साली लँकेशायर फ्युझिलियर्स या पलटणीत संदेशवहन अधिकारी म्हणून ते फ्रान्समधील सोमच्या लढाईत होते. खंदकातल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने ते आजारी पडून नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परतले. जवळच्या मित्रांपैकी एक वगळता सारे १९१८ पर्यंत गेले होते. कादंबरीत मॉर्डॉरच्या वाटेवर एक दलदल लागते. तिच्या काळ्या पाण्याखाली मेलेल्या सैनिकांचे चेहरे दिसतात आणि वर दिवे लुकलुकतात. या दलदलीवर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सच्या भूमीची छाया असल्याचे त्यांनी एका पत्रात मान्य केले आहे.

संगीतिकेचे म्हणाल, तर रिचर्ड वाग्नर यांच्या नाट्यचक्रातही शापित अंगठी आहे आणि ती शेवटी ऱ्हाइन नदीला परत मिळते. पण दोन्ही अंगठ्या गोल आहेत, साम्य तिथेच संपते, असे टॉल्किन यांनी फटकारले होते. दोघांनी एकाच उत्तरी पुराकथांच्या विहिरीतून पाणी भरले हे तरी नाकारता येत नाही, आणि त्यांचा नकार मला थोडा अतिरेकी वाटतो. अदृश्य करणाऱ्या अंगठीची सर्वांत प्रसिद्ध जुनी कथा मात्र प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या पुस्तकात सापडते. लिडिया देशाचा एक मेंढपाळ भूकंपाने पडलेल्या भेगेत उतरतो, तिथल्या प्रेताच्या बोटातली अंगठी काढून घेतो, तिचे कोंदण आत वळवले की आपण दिसेनासे होतो हे त्याला समजते, आणि राणीला वश करून, राजाला मारून तो गादी बळकावतो. पकडले जाण्याची भीती नसेल तर न्यायी माणूस न्यायी राहील का, हा तिथला सवाल आहे. टॉल्किन यांचा सवाल त्याच्या पुढचा आहे, कारण त्यांच्या अंगठीचा सर्वाधिक धोका चांगल्या माणसांना आहे. गँडाल्फ आणि एल्फ नावाच्या अमर वंशाची राणी गलाड्रिएल हे दोघेही ती आपणहून दिली जात असताना नाकारतात. गँडाल्फ तर स्पष्टच सांगतो की दुर्बळांविषयीची कणव आणि भले करण्याची इच्छा हीच आपल्यापर्यंत पोहोचण्याची अंगठीची वाट ठरेल.

प्रश्न : अंगठी नष्ट झाल्यावर पुस्तक शंभराहून अधिक पाने चालू राहते. संपादकाने कात्री का लावली नाही? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : ती पाने कापली असती तर मोहिमेची किंमत कळली नसती. हॉबिट घरी परततात तेव्हा शायरमध्ये झाडे तोडलेली, गिरणीचा धूर आणि गुंडांचे राज्य असते. ते त्यांना स्वतःच निपटावे लागते. चित्रपटात हा भाग नाही. एल्फांच्या तीन अंगठ्यांचे बळही मुख्य अंगठीबरोबर संपते, म्हणून ज्यांनी मोहिमेला मदत केली त्यांचीच सुंदर वने कोमेजू लागतात, आणि हे होणार हे त्यांना आधीपासून माहीत असते. फ्रोडोला ज्या तारखेला खंजिराची जखम झाली त्या ६ ऑक्टोबरला आणि ज्या तारखेला कोळी-कीटकाची विषारी मादी डसली त्या १३ मार्चला तो पुढच्या वर्षांतही आजारी पडतो. युद्धावरून परतलेल्या माणसांच्या घरच्यांना हे ओळखीचे वाटेल. शेवटी तो शायर सोडून समुद्रापार निघून जातो.

अंगठी नष्ट होते तो दिवस २५ मार्चचा आहे, हेही येथे सांगून टाकतो. ख्रिस्ती परंपरेत हा मेरीला देवदूताकडून शुभवार्ता मिळाल्याचा दिवस, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडचे कायदेशीर नववर्ष याच दिवशी सुरू होई. मोहीम रिव्हेन्डेलहून निघते ती २५ डिसेंबरला. टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक होते. या तारखा सहज पडलेल्या नाहीत, मात्र कथेत त्यावर एक अक्षरही भाष्य नाही, आणि तो संयम मला आवडतो.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्यासाठी कुठून सुरुवात करावी? येथे मराठी पुस्तके सहज मिळत नाहीत. — एक मराठी पालक, डॅलस

उत्तर : ‘द हॉबिट’पासून. ती मुलांसाठीच लिहिलेली आहे. हस्तलिखित छापावे की नाही हे ठरवण्यासाठी प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला ते वाचायला दिले होते आणि त्याच्या अनुकूल अभिप्रायानंतर पुस्तक निघाले. मोठ्या कादंबरीला दोन-तीन वर्षे थांबले तरी बिघडत नाही. ती मराठीतही उपलब्ध आहे, तेव्हा सुट्टीत इकडे याल तेव्हा नेता येईल. हॉबिटांच्या चालीरीती आणि तंबाखूची माहिती देणारी सुरुवातीची प्रस्तावना मुलांना कंटाळवाणी होते. ती सरळ ओलांडून वाढदिवसाच्या प्रकरणापासून वाचायला सांगावे. परिशिष्टे शेवटी उघडावीत, कारण त्यांतल्या सनावळीत पुढे कोण जगते आणि कोण मरते हे सगळे छापलेले आहे.